चावीच्या भोकातलं मेण

शहाद्याच्या बाजारपेठेत उत्तमचंद शेठना दोन नावं होती. तोंडावर ‘शेठजी’, आणि पाठ वळली की ‘गाडीवाला’. दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर तेच जास्त आवडत होतं. भांड्यांचं दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर माणूस एक तर देवाच्या मागे लागतो, नाहीतर गुडघ्यांच्या डॉक्टरच्या. शेठ पत्र्याच्या खेळण्यातल्या जुन्या आगगाड्यांच्या मागे लागले. भंगाराच्या ढिगातून, पाडायला काढलेल्या घरांच्या माळ्यांवरून, सुरतेच्या जुन्या बाजारातून त्यांनी एकेक गाडी उचलून आणली होती. माडीवरच्या खोलीत भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर गाड्या. अनोखीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या खोलीला ‘जंक्शन’ म्हणत. पाहुण्यांना खोली दाखवायची वेळ आलीच, तर घरात एक जरा तसलं माणूस आहे असं सांगावं तशा आवाजात सांगत.

पत्र्याच्या गाडीचा एक आवाज असतो. चावी देताना कर्रर्र, आणि सोडली की फरशीवर बारीक खडखड. ज्यांनी तो लहानपणी ऐकला त्यांना तो पुन्हा ऐकला की उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार आठवते. माठातल्या वाळ्याचा वास, मोठी माणसं झोपलेली, आणि आवाज कराल तर याद राखा म्हणून मिळालेली ताकीद. शेठच्या लहानपणी हा आवाज शेजारच्या घरातून यायचा. त्यांच्या वडिलांचं मत असं होतं की, खेळण्याची हौस असेल तर पोरानं तराजूशी खेळावं. शेठ तराजूशी खेळले, जन्मभर खेळले, आणि म्हातारपणी आपली राहिलेली सुट्टी एकदम घेतली.

गाडी स्वच्छ करायचे त्यांचे नियम होते. नवा रंग द्यायचा नाही. म्हातारीला पावडर लावून बोहल्यावर बसवू नये, असं ते म्हणत. या गाड्यांची दारं, खिडक्या, खिडकीत बसलेली माणसं, सगळं पत्र्यावर छापलेलं असतं. रॉकेल लावलं की ती माणसं मातकट होतात, आणि घासलं की उतरूनच जातात. म्हणून शिलाई मशीनचं तेल, बांबूची काडी आणि सरकी काढलेला कापूस. शहाद्यात कापसाला काय तोटा!

चैत्रातल्या एका सकाळी प्रिस्किलाबाई त्यांच्याकडे आल्या. नवापूरच्या पलीकडे गुजरातच्या हद्दीला टेकून असलेल्या टेकड्यांमधलं त्यांचं गाव. नोकरीचा सगळा काळ नर्स म्हणून गेला होता, त्यामुळे समोरच्याला नाडी बघितल्यासारखं बघायची सवय. मांडीवर एक जाड कापडी पिशवी होती.

“शेठ, तुम्ही बंद पडलेल्या गाड्या चालू करता म्हणे.”

“चालू त्या आपल्या मर्जीनं होतात. मी फक्त आंघोळ घालतो.”

बाईंनी पिशवीतून इंजिन आणि दोन डबे काढले. हिरवं असावं असा संशय येईल इतपत रंग धुळीखाली शिल्लक होता. रुळांशिवाय, नुसतं जमिनीवर चालणारं इंजिन. बाईंचे वडील नवापूर स्टेशनात प्रवाशांना पाणी पाजायचे. कुणी एक साहेब बदली होऊन जाताना ती गाडी त्यांना देऊन गेला होता.

“माझ्या थोरल्या भावाची, दानियलची,” बाई म्हणाल्या. “दानू म्हणायचे त्याला. मी पाळण्यात होते तेव्हा तापानं गेला. शाळेत जात होता. मधला भाऊ सॅम्युअल. तो आहे. म्हणजे... आहे. दिवाळीत झटका आला. डोळे उघडे असतात, गिळतो, भिंतीकडे बघतो. पण शब्द नाही.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“डॉक्टर जे म्हणतात ते पेशंटच्या नातेवाइकांना सांगायचं काम मीच जन्मभर केलंय, शेठ. मला नका विचारू.” त्यांनी इंजिनावरून बोट फिरवलं. “ही गाडी दोघं खेळायचे. एक पुढच्या खोलीत बसायचा, एक आतल्या. हा सोडायचा, तो चावी देऊन परत पाठवायचा. आई सांगायची. मला वाटतं, हिचा आवाज कानावर पडला तर तो मान वळवेल. मला म्हातारीला आता कुणी नावानं हाक मारणारं राहिलं नाही. एकदा त्यानं माझं नाव घ्यावं. एवढंच. मग देवानं न्यावं त्याला.”

शेठनी गाडी ठेवून घेतली.

इंजिनाच्या धुराड्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. आता शेठ जैन. ते काडी घालून फोडणं शक्यच नव्हतं. त्यांनी इंजिन गॅलरीत सावलीला ठेवलं आणि आतला जीव आपल्या पायांनी बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली. अनोखीबाई म्हणाल्या, “माणसाच्या बाळंतपणाला कधी एवढे थांबला नव्हतात.” जीव उडून गेला, मग काम सुरू झालं. कापसाचा बोळा तेलात बुडवून एकेक खिडकी पुसली, तसतशी आतली माणसं वर आली. एक टोपीवाला, एक बाई, एक मूल नाक काचेला लावून बसलेलं. शेठना त्या क्षणाचं नेहमी अप्रूप वाटे. कुणाची तरी जुनी दुपार धुळीखालून जपून बाहेर काढल्यासारखं.

चावीच्या भोकात मात्र काहीतरी घट्ट बसलं होतं. पिवळट, काळं, दगडासारखं. जुनं वंगण वाळलं की असंच होतं, असं शेठनी स्वतःला सांगितलं. दाभण दिव्यावर तापवून त्यांनी ते हळूहळू कोरून काढलं. वास आला तो वंगणाचा नव्हता. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा होता. त्यांचा हात क्षणभर थबकला. पण बंद पडलेली गाडी समोर असली की शेठना थांबता येत नसे. इंजिनात जिवंत जीव असेल तर जपावा, हे त्यांना धर्मानं शिकवलं होतं. मेलेल्याचं काय करावं, याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

मूळ चावी नव्हतीच. टेबलावरच्या जुन्या घड्याळाची एक चावी कानशीनं घासून त्यांनी बसवली. फिरवली. स्प्रिंग शाबूत! गाडी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला अशी गेली, की जणू कालच खेळून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी शेठ सामायिकाला बसले होते. सामायिक म्हणजे दोन घटका आसन सोडायचं नाही, बोलायचं नाही, मन आत वळवायचं. शेठचं मन बहुधा जंक्शनवरच वळायचं, पण आसन मात्र त्यांनी कधी मोडलं नव्हतं. तोंडापुढे धरायचं कापड, मुहपत्ती, हातात, डोळे मिटलेले. आणि वरून आवाज आला. कर्रर्र... कर्रर्र... मग खडखड. मग थोडी शांतता. पुन्हा कर्रर्र...

गाडीत चावी नव्हती. ती शेठच्या बंडीच्या खिशात होती, मांडीला टोचत होती.

सामायिक संपवून ते उठले तेव्हा अनोखीबाई जिन्याखाली तांदूळ निवडत होत्या.

“देवाचं नाव घ्यायच्या वेळेला तरी गाडी बंद ठेवत जा.”

“मी आसनावर होतो.”

“मग माडीवर कोण होतं?”

“मांजर असेल.”

“मांजर?” अनोखीबाईंनी सूप खाली ठेवलं. “अहो, मग ते हसत काय होतं एवढं?”

शेठ वर गेले. गाडी टेबलावर होती, जिथे ठेवली होती तिथेच. त्यांनी चिमटीत चाक धरून बघितलं. आदल्या रात्री पूर्ण सोडून ठेवलेली स्प्रिंग आता अर्धी भरलेली होती.

त्यांनी प्रिस्किलाबाईंना फोन लावला. गाडी तयार आहे, असं सांगितलं. मग विषय काढायचा म्हणून म्हणाले, “चावीच्या भोकात फार घाण साठली होती, बाई. काढली सगळी.”

पलीकडे बराच वेळ कोंबड्यांचाच आवाज येत राहिला.

“घाण नव्हती ती, शेठ. मेण होतं. दानूच्या कबरीवर लावलेल्या मेणबत्तीचं. आईनं भरलं होतं.”

“कशाला?”

“आमच्या आईची रीत होती. तिच्या आईची असेल. मेलेल्या पोराचं खेळणं मोडून टाकायचं. नाही मोडवलं तर त्याचं तोंड बुजवायचं. नाहीतर आवाज ऐकून पोर परत येतं, आणि आलेलं पोर परत कसं पाठवायचं ते कुणालाच येत नाही... बाबांना काही मोडवेना. म्हणून मेण.”

“अहो, मग आधी सांगायचं ना!”

“तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि खरं सांगू? मी नर्स. असल्या गोष्टींवर मी लोकांना रागावत आले.”

“परत भरून देऊ का?” शेठनी विचारलं. आपल्या हातानं उघडलेली गाडी पुन्हा बंद करायची तयारी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दाखवली होती.

 मग बाईंचा आवाज आला, अगदी हळू. “नको. सॅम्युअल कालपासून पेज घेत नाही. आता दिवस नाहीत माझ्याकडे. तुम्ही या घेऊन.”

गाडी कुणाच्या हाती पाठवायची नाही, हाही शेठचा एक नियम होता. धोतराच्या फडक्यात गुंडाळून, तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून, तो डबा मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. शहादा सुटलं, केळीचे मळे मागे पडले, नंदुरबार आलं, विसरवाडी आली. डब्यातून काही आवाज येतोय का, याकडे कान देण्यात त्यांचा प्रवास कधी संपला ते कळलं नाही. आवाज आला नाही. तेच त्यांना बरं वाटेना.

फाट्यापासून घर जवळच होतं. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. त्यांचा गोड, आंबूस वास उन्हात इतका दाट झाला होता, की तो बाजूला सारून पुढे जावं लागेल असं वाटे. दुपार टळलेली नव्हती. सगळी वस्ती सावलीला गेलेली.

घर दोन खोल्यांचं, खाली गुळगुळीत कोबा. पुढच्या खोलीत खाटेवर सॅम्युअल पडले होते. उंच हाडापेराचा माणूस, आता नुसती हाडंच. डोळे भिंतीवर. आतल्या खोलीत धान्याच्या कणग्या होत्या आणि तिला खिडकी नव्हती. उन्हातून आलेल्या शेठना ते आतलं दार म्हणजे भिंतीला टांगलेलं काळं कापड वाटलं.

“पाणी घेता ना, शेठ? उकळून ठेवलंय तुमच्यासाठी.”

“आधी काम.”

त्यांनी गाडी खाटेजवळ कोब्यावर ठेवली. डबे जोडले. चावी भरली, काढून घेतली, मुठीत धरली. मग बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

गाडी निघाली. खडखड, खडखड... खोली ओलांडून सरळ त्या काळ्या दाराकडे. उंबरा नव्हता. इंजिन आत शिरलं, एक डबा शिरला, दुसरा शिरला. आवाज थोडा वेळ आत चालत राहिला, मंद झाला आणि थांबला.

सॅम्युअलचे डोळे भिंतीवरच.

“झालं,” प्रिस्किलाबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात इतकी वर्षं होती, की शेठनी मान खाली घातली. “आणते मी गाडी...” म्हणून त्या उठल्या.

तेवढ्यात आतून आवाज आला.

कर्रर्र...

बाई होत्या तिथेच उभ्या राहिल्या. शेठनी मूठ उघडून बघितली. चावी तळहातावर होती.

कर्रर्र... कर्रर्र... कुणीतरी सवयीनं, न घाई करता चावी देत होतं. मग ते थांबलं. आणि खडखड सुरू झाली. काळ्या दारातून गाडी बाहेर आली. मागे सरकत नव्हे. त्या इंजिनाला मागे जाणं नव्हतंच. इंजिन पुढे करून, नीट वळवलेली, सरळ खाटेच्या पायाशी आली आणि टेकून उभी राहिली.

सॅम्युअलनी मान वळवली.

ते बोलले. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या गळ्यातून आवाज आला तो फाटका, पण त्याचा हेल लहान मुलाचा होता. भाषा त्यांच्या घरची, शेठना न कळणारी. प्रिस्किलाबाईंचा हात तोंडावर गेला होता, तो त्यांनी काढला.

“म्हणतो... जोरात नको सोडू. चाक निघेल.”

त्या खाटेशी गुडघ्यावर बसल्या. भावाचा हात धरला आणि काहीतरी विचारलं. काय ते शेठना सांगायची गरज नव्हती. सॅम्युअलनी त्यांच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, ओळखीची खूण नसलेल्या डोळ्यांनी. शाळकरी पोरानं अनोळखी म्हातारीकडे बघावं तसं. बाईंचे खांदे खाली आले. मग सॅम्युअलनी नजर उचलून आतल्या दाराकडे लावली आणि एक छोटासा प्रश्न विचारला.

आत काही ऐकू आलं नाही. पण सॅम्युअल ऐकत होते. ऐकताना माणसाच्या भुवया हलतात, तशा हलत होत्या. त्यांनी हुंकार दिला. आणि बहिणीकडे वळून म्हणाले,

“पिस्की.” आणि पुढे आणखी काहीतरी.

प्रिस्किलाबाईंनी कपाळ त्यांच्या हातावर टेकलं. त्या रडत होत्या की हसत, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. “म्हणतो, एवढी म्हातारी कशी झालीस?” त्या शेठना म्हणाल्या. “बघा ना शेठ, काय म्हणतो!”

शेठ कोब्यावर खाली बसले. भीती होतीच, पण तिच्याखाली दुसरंही काही होतं. शेजारच्या घरातून यायचा तो आवाज आज पहिल्यांदा ते आत बसून ऐकत होते. त्यांनी चावी कोब्यावर, गाडीशेजारी ठेवून दिली. ही गाडी आता इथेच राहणार, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

सॅम्युअल पुन्हा बोलायला लागले. या वेळी ते शेठकडे बघत होते. नाही, शेठच्या मागे, उघड्या दारातून बाहेर. अंगणात. मधेच थांबून आतल्या खोलीचं ऐकत आणि पुन्हा सांगत. प्रिस्किलाबाईंनी एकदा काहीतरी उत्तर दिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

“काय म्हणतात?”

“काही नाही. तुमची बस निघेल, शेठ.”

“बाई...”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. आवाज एकदम दवाखान्यातला झाला. नातेवाइकांना सांगायचा. “दानू विचारतोय... शेठच्या सोबत आलेली पोरं बाहेर उन्हात का उभी आहेत? त्यांना आत बोलवा, म्हणतो.”

“मी तर एकटाच आलो.”

“तेच सांगितलं मी त्याला.” बाईंनी अंगणाकडे बघायचं टाळलं. “म्हणतो... ती लाजतात. शेठशिवाय कुणाला ओळखत नाहीत. त्यांच्याच घरी असतात म्हणे, फळ्यांवर.”

शेठ पायऱ्या उतरले तेव्हा अंगण रिकामं होतं. मोहाची फुलं, ऊन, आणि लांब कुठेतरी एक होला घुमत होता. पाठीमागे घरात खडखड सुरू झाली आणि कुणीतरी हसलं. म्हातारा की मूल, ते ओळखता आलं नाही. शेठ फाट्यापर्यंत चालत गेले. धावावं असं वाटत होतं, पण धावलं तर मागे कोण धावतंय ते कळलं असतं.

नंदुरबारची बस जवळजवळ रिकामीच आली. ते दारालगतच्या सीटवर बसले, तुपाचा मोकळा डबा मांडीवर. कंडक्टर मशीन घेऊन आला. शेठनी आधार कार्ड पुढे केलं. पंचाहत्तरी ओलांडली की सरकार माणसाला फुकट फिरवतं, बहुधा आता तो फार लांब जाणार नाही या भरवशावर.

“तुमन्हं फुकट शे, बाबा,” कंडक्टर कार्ड परत देत म्हणाला. “पन पोरेसनं हाफ काढनं पडी.”

 घरच्या फळ्या त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या. भिंतीभर, छतापर्यंत, एकेक गाडी त्यांच्याच हातानं चालू केलेली.

“किती पोरे शेतस?”

शेठ समोर, ड्रायव्हरच्या पाठीकडे, बघत राहिले.

“ऱ्हाऊ द्या, मीच मोजस,” कंडक्टर वैतागून म्हणाला. आणि मशीनवर बोट ठेवून, मागच्या सीटांकडे बघत मोजायला लागला. शेठ वाट बघत राहिले. मोजणं काही संपेना.